मोडक्या शिपायाची जबानी

मी बोलतोय. कोण, ते सांगतो. पण आधी तुमचे हात कुठे आहेत ते मला बघू द्या. राग मानू नका. माझ्या तोंडाशी आजवर जो हात आला तो काहीतरी कोंबायला नाहीतर काहीतरी उपटायला आला. सवय लागलीय.

मी एक लाकडी शिपाई आहे. उंचीला तुमच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. लाल कोट, उंच काळी टोपी, पांढरी दाढी, रुंद दात आणि पाठीला एक दांडा. माझ्यासारख्या शिपायाचा दांडा वर उचलला की जबडा उघडतो. त्यात अक्रोड ठेवायचा, दांडा खाली दाबायचा, अक्रोड फुटतो. माझ्यासारख्या शिपायाचा, असं म्हणतोय मी. माझा नाही. माझा जबडा एका बाजूने सुटलेला. बरीच वर्षं तो चामड्याच्या एका वादीवर लोंबत होता. अक्रोड राहू द्या, साधा शेंगदाणाही मी कधी फोडला नाही.

बिचारा कुठेतरी पडला असेल, असं तुमच्या मनात आलं ना? सगळ्यांच्या येतं. पण मी पडलोबिडलो नव्हतो. मला मोडकाच घडवला होता. निदान माझी तशी पक्की समजूत होती, आणि माझ्या समजुती सहजासहजी हलत नाहीत.

आमच्या नाट्यगृहात दर वर्षाच्या शेवटी एकच नृत्यनाट्य होतं. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, तरी लोक येतात, पोराबाळांना घेऊन येतात आणि ठरलेल्या जागी टाळ्या वाजवतात. एका श्रीमंत घरात मेजवानी असते. एक पाहुणा घरातल्या मुलीला लाकडी शिपाई भेट देतो. भावाच्या नाकाला मिरच्या झोंबतात, तो शिपाई हिसकावतो आणि मोडतो. मुलगी रडते, शिपायाच्या जबड्याला रुमाल बांधते आणि त्याला जवळ घेऊन झोपते. मग जादू होते, शिपाई माणसाएवढा होतो, लढतो, राजपुत्र होतो, बर्फाच्या देशात जातो. तो राजपुत्र म्हणजे मी नव्हे. तो पगारी नर्तक आहे आणि त्याच्या गुडघ्याला कायम पट्टा असतो.

यात माझं काम काय, ते आता सांगतो. कुणाला सांगायचं नाही असा आमच्या विंगेचा नियम आहे. प्रेक्षकांत बसणाऱ्या माणसाला ही गोष्ट सांगत नाहीत, मग तो घरचा का असेना. शिपाई एक नसतो, दोन असतात. पाहुणा देतो तो अख्खा शिपाई, माझा जुळा. भावाचं काम करणारा नट त्याला हिसकावून पडद्यालगतच्या मोठ्या खुर्चीच्या मागे वाकतो, तिथल्या उशीवर त्याला अलगद ठेवतो आणि आधीच लपवलेल्या मला वर काढतो. त्याच क्षणी विंगेत दोन फळ्या एकमेकींवर आपटल्या जातात, ‘खाड’. प्रेक्षकांना वाटतं, मोडला. तोवर जुळा उशीवर आरामात पहुडलेला असतो.

मग ती मुलगी मला कुशीत घेऊन रडते. माझ्या वाट्याला रंगमंचावर एवढंच. आणि त्या रडण्यावरही माझा कधी विश्वास बसला नाही. इतक्या जवळून बघितल्यावर कळतं. रडता रडता ती ओठांतल्या ओठांत ताल मोजत असते आणि आपण ठरलेल्या जागी बसलोय ना, हे डोळ्याच्या कोपऱ्यातून तपासत असते. मुली बदलत गेल्या. मोजणं तेच राहिलं.

आम्हा दोघांना घडवलं ते नाट्यगृहाच्या सुताराने. दारं, जिने, खिडक्या, कापडी झाडांचे सांगाडे, सगळं तोच करायचा. त्याच्या तोंडात कायम खिळे असत. दोन ओठांत धरलेले, एकेक काढून ठोकायचा. त्यामुळे कुणी काहीही विचारलं तरी उत्तर यायचं, ‘हं’. मला त्याने पहिल्या रांगेतल्या मोडीत काढलेल्या खुर्चीच्या पायातून कोरलं, हे मी त्याच्याच कारखान्यात ऐकलं. जुळाही त्याच लाकडाचा. मग एकाला अख्खा जबडा आणि दुसऱ्याला लोंबता, असं का? मी वर्षानुवर्षं हाच प्रश्न चघळत आलोय, आणि चघळण्यापुरतासुद्धा जबडा माझ्याकडे नाही. माझ्या बापाने मला बघितलं आणि ठरवलं, हा मोडका. दुसरं कारण मला सुचत नव्हतं.

सुतार गेला. त्याला दोन मुली. थोरली लहानपणापासून बापाच्या हाताखाली विंगेत वावरलेली. तिने प्रॉपर्टीची खोली सांभाळायला घेतली. तलवारी, पेले, खोटी फळं, पत्रं, छत्र्या आणि आम्ही दोघे, सगळं तिच्या ताब्यात. तिला सगळे ताई म्हणतात, वयाने मोठे नटसुद्धा. धाकटी मात्र नेहमी प्रेक्षागृहात बसलेली. विंगेत लहान मुलं नकोत म्हणून बाप तिला चौथ्या रांगेत बसवून यायचा. तिने तिथून हा खेळ किती वेळा बघितला असेल कोण जाणे. तिची नजर समोरूनच घडली. पुढे ती कादंबऱ्या लिहायला लागली.

ताईचं माझ्याशी एक विचित्र वागणं होतं. ती मला पुसायला घ्यायची तेव्हा बटणांच्या डबीतून एक छोटी लाकडी खुंटी काढायची. माझ्या गालाजवळ एक भोक आहे, त्यात ती खुंटी सरकवायची. माझा जबडा टक्कन जागेवर बसायचा. ती मला हातभर लांब धरून बघायची. मग खुंटी काढायची, जबडा पुन्हा लोंबायचा, खुंटी पुन्हा डबीत. दर वेळी माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायची. मला जोडता येतं, हे हिला ठाऊक आहे. मग जोडत का नाही? माझी चेष्टा करते का? जुळ्यापुढे तर करत नाही? जुळा कापसावर झोपलेला असतो, मी जुन्या पडद्याच्या तुकड्यावर. त्याच्या चेहऱ्यावर कायम हसू रंगवलेलं आहे. माझ्याही आहे, पण त्याचं मला जास्त दिसतं.

असो. एका दुपारी धाकटी प्रॉपर्टीच्या खोलीत आली. हातात पिशवी, खांद्यावर शाल, चेहऱ्यावर ते लिहिणाऱ्या लोकांचं हसू, म्हणजे काहीतरी मागायचं असतं तेव्हाचं.

“ताई, नवीन कादंबरी घेतलीय लिहायला,” ती म्हणाली. “आपल्या या खेळाचीच गोष्ट. पण जुन्या काळातली. राजाचा दरबार, त्यातला एक खेळणी करणारा, आणि त्याने केलेला शिपाई. थोडा इतिहास, थोडी जादू.”

“बरं,” ताई म्हणाली आणि छत्र्या मोजत राहिली.

“मला तो जुना शिपाई देशील थोडे दिवस? टेबलावर ठेवायला. समोर असला की सुचेल.”

“कुठला?”

“तो मोडका गं. कपाटात असतो तो. चांगला नको, तो खेळाला लागत असेल.”

छत्र्या मोजणारा हात थांबला. मला वाटलं, आता ताई सांगेल. म्हणेल, अगं, हाही खेळाला लागतो, याच्याशिवाय खेळ होत नाही. पण ताईने तोंड उघडलं आणि मिटलं. यामागे काय होतं ते मला ठाऊक होतं, कारण ते याच खोलीत घडलं होतं. धाकटीच्या आधीच्या एका कादंबरीत एक सुतार होता. त्याच्या तोंडात खिळे असत. पोरींशी तो अवाक्षरही बोलत नसे, त्याच्या घरात म्हणे शब्दच नव्हते. ताईने ते पुस्तक इथेच बसून वाचलं होतं आणि मिटून तलवारींच्या पेटीत टाकलं होतं. तेव्हापासून धाकटीला ती काही सांगत नसे. हवापाणी, दुखणंखुपणं, बस.

“पहिल्या खेळाआधी आणून दे,” ताई एवढंच म्हणाली.

“कशाला? मोडकाच तर आहे.”

“आणून दे म्हटलं ना.”

मला कागदात गुंडाळून झाल्यावर ताईने बटणांची डबी उघडून बघितली, खुंटी आहे याची खात्री केली आणि डबी खणात टाकून कुलूप लावलं. मी कागदाच्या फटीतून बघत होतो. म्हणजे ही तिला खुंटी देत नाही. बहीण बहिणीपासून लाकडाचा तुकडा लपवते, आणि माझ्याच गालातला. मी मनात नोंद करून ठेवली.

धाकटीचं टेबल खिडकीपाशी होतं. तिने मला पेल्यातल्या पेन्सिलींशेजारी उभं केलं आणि सकाळी चहा घेऊन बसली की लिहिलेलं मोठ्याने वाचायची. मला ऐकवायला नव्हे, स्वतःला. पण ऐकावं लागायचं मला. आणि काय काय ऐकलं! तिच्या कादंबरीत माझं लाकूड राजाच्या बागेतल्या झाडाचं, वीज पडून जळता जळता वाचलेलं. मी खुर्चीचा पाय आहे, हे तिच्या गावीही नाही. माझ्या डोळ्यांत तिने हिरवे खडे बसवले. माझ्या कोटाला सोन्याची बटणं लावली. खेळणी करणाऱ्याने मला राजकन्येसाठी घडवलं, दुष्ट प्रधानाने मला मोडलं, आणि खेळणी करणारा मला जोडण्यासाठी सात देश हिंडला, असं सगळं.

मला संशय आला. फुकट कुणी एवढं चांगलं म्हणत नाही. हिला माझ्याकडून काय हवंय? मी ताठ उभा राहिलो. तशी माझ्यापुढे दुसरी सोयही नाही.

ती वाचता वाचता थांबून माझ्याकडे बघायची. माझ्या लोंबत्या जबड्याला बोटाने हलकेच उचलायची, सोडायची. “तुला कुणी नीट केलंच नाही रे,” म्हणायची. “बाबांनी केलं असतं. राहून गेलं असेल त्यांचं.” एवढं बोलून ती डोळे पुसायची, आणि तिथे ना ताल होता, ना प्रेक्षक. तरी मी सावध राहिलो. या बाईने बापाला मुका करून छापलाय, हे मी विसरलो नव्हतो.

मग एका सकाळी तिने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. लाकूड चिकटवायचा गोंद आणला, सोबत काचपेपर. माझ्या गालावरचं भोक तिने उजेडात धरून बघितलं आणि ‘च्च’ केलं. “कीड लागलीय तुला.” कीड! मला! तिने लाकडाचा भुसा गोंदात कालवला आणि ते भोक गच्च भरून टाकलं. चामड्याची वादी कात्रीने कापून कचऱ्यात टाकली. जबडा वर बसवला, गोंद लावला, दात दुखणाऱ्या माणसासारखी माझ्या डोक्याभोवती पट्टी बांधली आणि मला खिडकीत ठेवून दिलं.

पट्टी सुटली तेव्हा मी समोरच्या काचेत स्वतःला बघितलं. जबडा जागेवर. दाढी छातीवर सरळ. हुबेहूब जुळा. खोटं कशाला बोलू, मला आवडलं. फार आवडलं. शंका घ्यायला मी कारण शोधत होतो आणि ते सापडेना, म्हणून मी घाबरलो.

त्या दिवसापासून धाकटीचं लिखाण भरभर चाललं. तिने फोन बंद करून ठेवला. लिहिताना ती तसंच करते. शेवटचं प्रकरण होतं. खेळणी करणारा शिपायाला जोडतो आणि शिपाई डोळे उघडतो, ते. ते लिहून झालं तेव्हा तिने फोन चालू केला, आणि त्यात ताईचे निरोपावर निरोप येऊन पडलेले. शेवटच्या निरोपात एकच वाक्य होतं: शिपाई घेऊन आत्ताच्या आत्ता विंगेत ये, खेळ सुरू होतोय.

धाकटीला काही उलगडा झाला नाही. पण तिने मला छान रंगीत कागदात गुंडाळलं. वाटेत रिक्षात ती हसत होती. “ताईचं तोंड बघायचंय आता,” असं मलाच म्हणाली.

विंगेत शिरलो तेव्हा समोर मेजवानी रंगली होती. वाद्यवृंद जोरात होता. घागरे गरगरत होते. ताई पडद्याआड उभी होती, कपाळावर घाम, हातात त्या दोन फळ्या.

“आण इकडे. लवकर.” तिने कागद टराटरा फाडला.

आणि फाटका कागद तिच्या हातातच राहिला.

“कसा झालाय?” धाकटीने कुजबुजत विचारलं. “मीच केला. आता यालाही खेळात घेता येईल, नाही का?”

ताईने माझ्या गालावरून अंगठा फिरवला. भोकाच्या जागी गुळगुळीत ठिगळ होतं. “हे काय केलंस?”

“कीड लागली होती.”

“ती कीड नव्हती. खुंटीचं भोक होतं ते.” ताई म्हणाली. “हा मोडकाच लागतो गं. खेळात शिपाई दोन असतात. तो अख्खा, हा मोडका. खुर्चीमागे बदलतात. आता थोड्या वेळात मोडका शिपाई बाहेर काढायचाय, आणि मोडका शिपाई नाही आपल्याकडे.”

धाकटी रंगमंचाकडे बघत राहिली. चौथ्या रांगेतून इतकी वर्षं जे बघितलं ते तिला आता बाजूने दिसत होतं. “दोन्ही खेळात असतात?” ती म्हणाली. “आणि मला कुणी कधी सांगितलं नाही?”

“विंगेतलं बाहेर सांगत नाहीत.”

“मी बाहेरची आहे?”

“तुला सांगितलं की छापून येतं.” ताईने तिच्याकडे न बघता म्हटलं. “बाबा मुके नव्हते. तोंडात खिळे होते त्यांच्या. खिळे काढले की बोलायचे. माझ्याशी बोलायचे, तुझ्याशीही बोलायचे. तू तेवढे खिळेच लिहिलेस.”

बाहेर पाहुण्याने जुळ्याला उंच धरलं, टाळ्या पडल्या. मुलीचं नृत्य सुरू झालं. ते संपलं की भाऊ येणार होता.

ताईने हत्यारांच्या पेटीतून लाकडी हातोडी काढली. मला टेबलावर आडवं ठेवलं. हातोडी उचलली. मी डोळे मिटू शकत नाही, ते रंगवलेले आहेत, त्यामुळे मला सगळं बघावं लागलं. हातोडी वर गेली आणि वरच राहिली.

“नाही होत माझ्याच्याने,” ताई म्हणाली. “बाबांनी केलाय.”

सांगू का, त्या क्षणी मला काय वाटलं? मला वाटलं, बरं झालं. राहू द्या मला अख्खा. बुडू दे तुमचा खेळ. इतकी वर्षं मोडका म्हणून मिरवलंत, आता कळू दे. पण मग मी ताईच्या हाताकडे बघितलं. त्यात हातोडी अजून तशीच वर होती. खेळात गफलत झाली तर उद्या बोलणी तिलाच बसणार होती, आणि ती कुणालाही सांगणार नव्हती की बहिणीने गोंद लावला म्हणून. एवढं मला तिच्याबद्दल ठाऊक होतं.

“दे,” धाकटी म्हणाली. “मी जोडलाय, मीच मोडते.”

तिने हातोडी घेतली नाही. मला छातीशी धरलं, एक हात माझ्या टोपीवर आणि दुसऱ्या हाताची बोटं माझ्या दातांमध्ये. तिचे हात टेबलावर पेन्सिली उचलणारे होते, त्यांत फार जोर नव्हता. तिने दोनदा ओढलं. गोंद पक्का होता. तिची बोटं सोलवटली. ती रडत होती, आवाज न करता, आणि मला म्हणत होती, “माफ कर रे, माफ कर.” मी आयुष्यभर प्रत्येक हातावर संशय घेत आलो. त्या हातावर मला घेता आला नाही. तो मला मोडायला निघाला होता, आणि मला मनापासून वाटत होतं, मोड बाई, जोरात ओढ, मी धरून ठेवणार नाही.

तिसऱ्यांदा मी मोडलो. सांध्यावर नाही, गोंदाने सांधा लाकडापेक्षा घट्ट केला होता. भेग गालातून आडवी गेली, अर्धी मिशी घेऊन. त्याच वेळी बाहेर भावाने जुळ्याला हिसकावलं होतं आणि ताईच्या फळ्यांचा आवाज व्हायचा होता. तो माझाच झाला. फळ्या तिने वाजवल्याच नाहीत.

वादी नव्हती. ताईने केसांतली पिन काढली, वाकवली आणि जबडा तिच्यावर अडकवला. खुर्चीमागची माझी जागा रिकामी बघून नटाचा हात पडद्याच्या फटीत आला आणि मला घेऊन गेला. मुलीने मला उचललं. ताजी भेग, पांढरं उघडं लाकूड, एका बाजूने कुसळं निघालेली. नेहमीचा गुळगुळीत मोडकेपणा तिथे नव्हता. तिचे ओठ हलायचे थांबले. ती ताल मोजायला विसरली आणि एका ठेक्याने मागे पडली. वाद्यवृंदाने तिला सांभाळून घेतलं. ती खरंच रडली की दचकली, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. रुमाल मात्र तिने फार हळू बांधला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी बहिणी प्रॉपर्टीच्या खोलीत बसल्या होत्या. धाकटीच्या बोटांना पट्ट्या. ताईने बटणांची डबी टेबलावर आणून ठेवली, खुंटी काढली आणि माझ्या गालाशी धरून बघितली. बसेना. भोकच राहिलं नव्हतं, अर्धं भुशाने बुजलं, अर्धं चिरून गेलं. ताईने दोनदा प्रयत्न केला आणि खुंटी टेबलावर ठेवली. मी तयारी केली. आता ही ओरडेल, दुसरी रडेल, आणि मी कायमचा पडद्याच्या तुकड्यावर.

ताई बोलायला लागली. कुणी विचारलं नव्हतं.

“हा आधीचा,” ती म्हणाली. “बाबांनी आधी हा एकच केला होता. याला खुंटी होती. भावाने ती हळूच काढायची आणि जबडा सोडायचा, असं ठरलं होतं. रंगीत तालमीला खुंटी अडकली. नट गांगरला, त्याने याला खुर्चीवर आपटला. एकदा, दोनदा. बाबा विंगेत उभे होते. नृत्य बसवणाऱ्या बाई म्हणाल्या, छान, असंच राहू द्या, रोज आपटा, आवाज चांगला येतो.”

“मग?”

“मग बाबा याला उचलून घरी घेऊन आले. रात्रंदिवस बसून तो दुसरा केला. मी विचारलं, दुसरा कशाला? तर म्हणाले, ‘याला दर खेळाला मोडलेलं मला बघवणार नाही. हा मोडल्यासारखा दिसला की पुरे. याला कुणी आपटायचं नाही.’”

मी माझ्या पडद्याच्या तुकड्यावर पडलेलो होतो. ती तालीम मला आठवतच नाही, आपटल्यावर डोक्यातून गेली असेल. इतक्या वर्षांत जुळ्याबद्दल, ताईबद्दल, त्या खुंटीबद्दल, सुताराबद्दल मी काय काय समजून बसलो होतो, ते सगळं एकेक करून मला आठवायला लागलं. मोडका म्हणून मला दूर ठेवलं नव्हतं. मला मोडू द्यायचं नव्हतं. एवढ्यासाठी एका माणसाने अख्खा दुसरा शिपाई कोरला, आणि मला ते कळलं कधी, तर मोडल्यावर.

धाकटीने माझ्या भेगेवरून पट्टीचं बोट फिरवलं. मग म्हणाली, “ताई, हे मी लिहिणार नाही. तू नको म्हणालीस तर कुठेच नाही.”

मी कान टवकारले. इथेच तर सगळं अडलं होतं. ताई डबीतली बटणं उगाच चाळत राहिली.

तेव्हापासून मी कामावर आहे. भेग तशीच आहे, पिनेच्या जागी नवी वादी आली. फळ्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. जुळा अजूनही कापसावर झोपतो, पण आता मला त्याची कीव येते. त्याला कशासाठी केलं ते त्याला कुणी सांगितलेलं नाही, आणि मी सांगणार नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. माझ्याकडे बघून कुणाला माया आली, तर गोंद घेऊन येऊ नका. आधी ताईला विचारा.

आणि त्या दुपारचं एवढं सांगतो, म्हणजे माझं सांगून संपलं. ताईने बटणं चाळणं थांबवलं, ती निकामी खुंटी उचलून धाकटीच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, “लिही. पण बाबांचा आवाज नीट लिही. ते हळू बोलायचे.” धाकटी हो म्हणाली. उद्या दोघींपैकी कुणी हे नाकारलं, तर मी साक्षीला आहे.